एवढ्यात काय काय पाहिलं? अन् आपली बोली कुठे ऐकली?

बर्डीवाली

मागच्या रविवारी आईला ‘स्थळ’ दाखवला. मी स्वतः 2025 च्या मार्चमध्ये थिएटरात पाहिला होता. हा आईसोबत पाहायचा, असं तेव्हापासूनच मनात होतं. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं, अन् आई खाली सतरंजीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. तिचं अर्धं लक्ष टीव्हीकडे, अर्धं टोपल्यात.

पहिल्यांदा मुलगी पाहायला पाहुणे येतात तो प्रसंग आला. सविता मधे बसलेली, समोर खुर्च्यांवर माणसंच माणसं. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. आईचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली, दाणे तसेच आत. ती म्हणाली, "मलेबी उंचीच विचारली होती पह्यले. बाबानं सांगून ठेवलं होतं, पाच फूट एक सांगजो." मग दुसरं स्थळ आलं, तिसरं आलं, तोवर आईनं टोपलं बाजूला सरकवलं होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जयंत सोमलकर यांचा हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातल्या डोंगरगावात घडतो. काम करणारी माणसं तिकडचीच, त्यामुळे ‘अभिनेता गावंढळ बोलतोय’ असं एकदाही वाटत नाही. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक हा आशियाई सिनेमांसाठीचा पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच सविताला एक स्वप्न पडतं. त्यात बाया खुर्च्यांवर बसतात अन् मुलगा समोर मान खाली घालून उत्तरं देतो. माझी आई त्या प्रसंगाला इतकी हसली की मला सिनेमा थांबवावा लागला.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. या सिनेमात आपल्याकडची बोली हसवायला आणलेली नाही. बाप कापसाच्या भावाची काळजी त्याच बोलीत करतो, मुलगी तिचा राग त्याच बोलीत गिळते. विदर्भात लहानाची मोठी झालेली मी, आपल्या बोलीत कुणी पडद्यावर रडताना किती वेळा पाहिलं, हे आठवायला बसले तर पाच-सहा सिनेमांच्या पुढे जाता येईना. म्हणून विचारते. एवढ्यात काय पाहिलं, नवं किंवा जुनं? अन् त्यात आपली बोली खरी कुठे वाटली?

तर्री_पोहे

मी ‘स्थळ’ पाहायला गेलो तेव्हा पूर्ण शहरात मोजून एक-दोन खेळ, अन् आमच्या जवळच्या थिएटरात तो सकाळी सव्वानऊचा! कामावर जाणाऱ्या माणसानं कसा पाहायचा? आम्ही नऊ जण होतो हॉलमध्ये. पण नऊच्या नऊ जण शेवटची नावं संपेपर्यंत बसून राह्यले, हे मात्र खरं.

कोकणातून_नागपुरात

ताई, मी मूळची सिंधुदुर्गाकडची, लग्न होऊन इकडे आले त्याला अठरा वर्षं झाली. मी ‘दशावतार’ पाहिला, तोही इथल्याच मल्टिप्लेक्समध्ये. दिलीप प्रभावळकर 81 व्या वर्षी ज्या ताकदीनं उभे राहिलेत ते पाहून मी गहिवरले. दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी नट, अन् त्याचा मुलगा त्याला म्हणतोय की बाबा, आता काम थांबवा. माझ्या लहानपणी आमच्या देवळासमोर रात्रभर दशावतार चालायचा, राजाचा मुकुट घातलेला माणूस पहाटे चहाच्या टपरीवर त्याच रंगलेल्या तोंडानं उभा असायचा. ते सगळं परत आलं.

पण तुमच्या प्रश्नासाठी लिहायला आले ते वेगळंच. माझ्या शेजारी बसलेल्या दोघी पक्क्या नागपूरच्या होत्या. मालवणी लहेजा त्यांना एकदाही अडला नाही. मध्यंतरात मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, "समजते नं, काहून नाही समजणार?" मग वऱ्हाडीत सिनेमा काढला तर पुण्या-मुंबईला समजणार नाही, असं का धरून चालतात? कान सवयीनं तयार होतो. माझा झाला की अठरा वर्षांत.

काटोलची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं उत्तर ‘नाळ’. 2018 चा आहे, पण मी दरवर्षी चौथीच्या मुलांना दाखवते, त्यामुळे माझ्यासाठी तो कायम नुकताच पाहिलेला असतो.

पहिल्या वर्षीचं सांगते. पडदा म्हणून वर्गातल्या फळ्यावर चादर बांधली होती. चैत्या बोलायला लागला, "मले"... अन् पूर्ण वर्ग फिसकन हसला. मला वाटलं, गमतीचं दृश्य आहे म्हणून हसले. पण दृश्य गमतीचं नव्हतंच. पोरं हसली कारण शाळेच्या भिंतीत, बाईंच्या समोर, कुणीतरी उघडपणे ‘मले’ म्हणत होतं अन् बाई त्याला काही बोलत नव्हत्या. मी तोवर दहा वर्षं वह्यांमध्ये ‘मले’ खोडून लाल पेननं ‘मला’ लिहीत आले होते. ‘डोया’ खोडून ‘डोळा’, ‘शाया’ खोडून ‘शाळा’. वीस मिनिटांनी हसणं बंद झालं. शेवटाकडे एक पोरगा पुढे सरकत सरकत चादरीच्या इतक्या जवळ गेला की त्याची सावली पडद्यावर पडायला लागली, अन् कुणी त्याला "हट बे" म्हटलं नाही.

त्या दिवसानंतर मी निबंधात ‘मला’च मागते, परीक्षा तशीच असते. पण तोंडी सांगताना मुलाला अर्ध्यात तोडून दुरुस्त करत नाही. अन् खरंच, मुलं जास्त बोलायला लागली.

श्रीनिवास पोकळे हा तो मुलगा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे आंध्रातले, ‘सैराट’चं छायाचित्रण त्यांचंच. तेलुगू घरातल्या माणसाला आपल्याकडच्या पोराच्या तोंडची बोली तशीच ठेवावीशी वाटली. आपल्याच लोकांना ती स्वच्छ करावीशी वाटते, याचं मला फार वाईट वाटतं.

महालकर

बाईंनी फार चांगलं लिहिलं आहे. ज्यांना वऱ्हाडी ठाऊक नाही त्यांनी ‘ळ’चा ‘य’ होतो एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी वाट सोपी होते.

मी आता सत्तरीत आहे, त्यामुळे माझं ‘एवढ्यात’ म्हणजे जुनंच असतं. परवा ‘देवकीनंदन गोपाला’ पुन्हा पाहिला. 1977 चा, राजदत्तांचा. गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हा सिनेमा मी पहिल्यांदा आमच्या गावच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. रीळ बदलताना अंधार व्हायचा, अन् त्या अंधारात मागून कोणीतरी म्हातारा "गोपाला गोपाला" सुरू करायचा, मग पूर्ण तंबू म्हणायचा. मशीन चालू झालं तरी लोक थांबायचे नाहीत. पडद्यावरचं कीर्तन अन् तंबूतलं कीर्तन एकमेकांत मिसळून जायचं. तसा सिनेमा पाहण्याचा अनुभव मला नंतर कोणत्याही गारेगार हॉलमध्ये आला नाही.

बोलीबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. लागूंचा मी भक्त आहे. कीर्तनात ते समोरच्याला प्रश्न विचारतात अन् उत्तर येईपर्यंत थांबतात, ते थांबणं अस्सल बाबांचं आहे. पण बाबांच्या आवाजातलं 1956 सालचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, मुंबईत वांद्र्याला झालेलं. ते ज्यानं ऐकलं आहे त्याला फरक कळतो. बाबांच्या बोलण्यात शेणानं सारवलेल्या अंगणाचा वास आहे, एक वाक्य दुसऱ्यावर आदळत येतं. लागूंच्या तोंडी ती भाषा थोडी धुतलेली वाटते. सिनेमा थोरच आहे, पण तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.

तर्री_पोहे

काका, ते ध्वनिमुद्रण आत्ता शोधून ऐकलं. अंगावर काटा आला. माझ्या आजीचे वडील असेच बोलत असतील.

इंदोराकर

‘झुंड’ कोणीच कसा काढला नाही अजून? घरचा सिनेमा आहे तो.

मार्च 2022 मध्ये लागला तेव्हा आम्ही मोहल्ल्यातले चौदा जण सोबत गेलो होतो. मागच्या आठवड्यात पोराला दाखवला, तो आता समजण्याच्या वयाचा झाला. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते, त्यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल उभा केला, हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही. सिनेमाचं शूटिंगही इथलंच. लोक त्याला अमिताभ बच्चनचा सिनेमा म्हणतात. माझ्यासाठी तो अंकुश गेडामचा सिनेमा आहे. आपल्या नागपूरचा पोरगा, याच्या आधी त्यानं सिनेमात काम केलं नव्हतं, अन् फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार घेऊन आला. तो नुसता उभा राहतो तेव्हासुद्धा मला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची पोरं दिसतात. तसंच एका पायावर भार टाकून उभं राहणं, तसंच कोणी रागावलं की खाली न पाहता बाजूला पाहणं.

अन् बोलीचं म्हणाल तर यात मराठी कमी आहे, पण आमची नागपुरी हिंदी पूर्ण आहे. "क्या कर रा बे", "अपने को क्या", मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपणं. ही पण नागपूरचीच बोली आहे, तिला कोणी बोली म्हणत नाही एवढंच. उत्तर नागपुरात, मोमिनपुऱ्यात, कामठी रोडला घराघरांत हेच बोलतात.

जयंतीचा प्रसंग आला, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बच्चन हात जोडून उभे राहतात. माझ्या मागच्या रांगेत एक आजी होत्या, पांढरी साडी नेसून आल्या होत्या, जयंतीला जशी नेसतात तशी. त्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचे उठले. मी इतकी वर्षं हिंदी सिनेमे पाहतो, आमच्या घरातल्या भिंतीवरचा फोटो असा पडद्यावर मधोमध मी पहिल्यांदाच पाहिला. या वेळी घरी पाहताना माझा पोरगा पण उभा राहिला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

महालकर

‘कोर्ट’ही यात घ्या. चैतन्य ताम्हाणेंचा, 2014 चा. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले वीरा साथीदार. ‘विद्रोही’चे संपादक, आयुष्यभराचे कार्यकर्ते, अन् थेट मुख्य भूमिकेत. तो सिनेमा राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, भारतातर्फे ऑस्करलाही गेला. एप्रिल 2021 मध्ये करोनानं वीरा साथीदार गेले, इथेच नागपुरात.

‘कोर्ट’मध्ये प्रत्येक माणूस ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. वकील घरी गुजराती, सरकारी वकीलबाई मराठी, न्यायालयात इंग्रजी अन् हिंदी. जिच्यात खटला चालतो ती भाषा अन् ज्याच्यावर खटला चालतो त्याची भाषा वेगळी, हे त्या सिनेमानं एकही भाषण न देता दाखवलं.

इंदोराकर

हाव काका. अन् वीराभाऊंचा आवाज. ते पोवाडा गायला उभे राहिले की अभिनय सुरू आहे हे मी विसरून जातो. ती गाणी संभाजी भगतांची आहेत.

भरतीवाला

मी बोलीबद्दल नाही लिहीत, माफ करा. मी ‘होमबाउंड’बद्दल लिहितो.

नीरज घायवान यांचा सिनेमा आहे, 2025 चा. दोन दोस्त, चंदन अन् शोएब, पोलीस शिपाई भरतीचा फॉर्म भरतात अन् निकालाची वाट पाहतात. वाट पाहता पाहता चंदन सुरतला मिलमध्ये लागतो, मग शोएबही तिथेच जातो, अन् मग लॉकडाऊन. मी तीन वर्षं झाली भरतीच्या मागे आहे. सकाळी साडेचारला ग्राउंडवर पोहोचतो, थंडीत पाय आखडतात, तरी सोळाशे मीटर मारतो. आमच्या रूमवर आम्ही चार जण. सिनेमात ती पोरं मोबाईलवर निकाल लागला का ते पाहतात, त्या वेळी आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

2020 मध्ये मी बारावीत होतो. आमचं गाव जबलपूर रोडला लागून आहे. मे महिन्यात रोज माणसं चालत जाताना दिसायची, डोक्यावर बोजा, पायात स्लिपर, काहींच्या पायात तीही नाही. माझी आई अन् काकू रस्त्यावर पाण्याचा ड्रम घेऊन उभ्या राहायच्या. एका माणसानं पाणी पिऊन आईला विचारलं होतं, "जबलपूर कितना है?" आई म्हणाली, "दोनशेच्या वर हाये दादा." तो "अच्छा" म्हणाला अन् चालायला लागला. त्या ‘अच्छा’चं पुढे काय झालं, ते मी या सिनेमात पाहिलं असं मला वाटलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहा. एकटे पाहू नका.

बर्डीवाली

भाऊ, माफी कशाची? हाच तर धागा आहे. तुमच्या निकालाची बातमी इथेच द्या, आम्ही वाट पाहू.

कोकणातून_नागपुरात

‘अच्छा’ वाचून थांबले मी.

कापूसपट्टी

मी यवतमाळ जिल्ह्यातला, नोकरीसाठी नागपुरात. तीन दिवस झाले हा धागा वाचून राह्यलो, लिहू की नको करत होतो. भरतीवाल्या भावानं लिहिलं, म्हणून मी पण लिहितो.

‘गाभ्रीचा पाऊस’. सतीश मनवर यांचा, 2009 चा. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष. गावात एका शेतकऱ्यानं जीव दिलेला असतो, म्हणून अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, पाळत ठेवते. त्यानं असं काही करू नये म्हणून त्याला गोडधोड करून घालते, लहान पोराला त्याच्या मागे मागे वावरात पाठवते. नवऱ्याला काही कळत नाही, घरात एवढे लाड काहून चालले म्हणून.

मी हा सिनेमा पहिल्यांदा होस्टेलवर पाहिला अन् अर्ध्यात बंद केला. दुसऱ्यांदा यंदाच्या दिवाळीत पूर्ण पाहिला. कारण सांगतो. मी सहावीत असताना आमच्या शेजारच्या काकांनी औषध घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं गोठ्यात ठेवलेल्या फवारणीच्या औषधाच्या शिश्या उचलल्या अन् घरात ज्वारीच्या कोठीत, ज्वारीच्या आत पुरून ठेवल्या. खाण्याच्या धान्यात विष ठेवू नये, हे तिला समजत होतं. पण बाबा कोठीत हात घालणार नाहीत, ते बाईचं काम, हेही तिला माहीत होतं. मला म्हणाली, "बाबासंग जाय वावरात. काही काम नाही, नुसता जाय." मी जात होतो. बाबा विचारायचे, "शायेत काहून नाही गेला?" मी म्हणायचो, सुट्टी आहे. माझ्या त्या वर्षी खूप सुट्ट्या झाल्या.

बाबा आहेत अजून. ठणठणीत आहेत. त्यांना हे आजही माहीत नाही.

आता बोलीचं. कलाकार आमच्याकडचे नाहीत, अन् ते कानाला जाणवते. काही ठिकाणी हेल पश्चिमेकडचा लागतो. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यातली न बोलण्याची जागा बरोबर आहे. आमच्याकडे एवढ्या मोठ्या गोष्टीवर कोणी बोलत नाही. पोळी वाढतात. "अजून घे" म्हणतात. सोनाली कुलकर्णी जेव्हा "अजून घे" म्हणते तेव्हा ती पूर्ण वऱ्हाडी बोलते.

नावाबद्दल थोडं. ‘गाभ्रीचा’ ही आमच्याकडची शिवी आहे, पावसाला घातलेली. आपला माणूस असल्यासारखी पावसाला शिवी घालायची सवय आमच्या भागात आहे. माझे बाबा पण घालतात, आभाळाकडे पाहून, तोंडात खर्रा असताना.

काटोलची_बाई

कापूसपट्टी दादा, तुम्ही लिहिलं हे फार बरं केलं. आमच्या वर्गात ज्याच्या खूप सुट्ट्या होतात त्याच्या घरी मी आता चक्कर मारत जाईन. एवढंच लिहू शकते आज.

तर्री_पोहे

दोन दिवस कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. ‘शेरनी’ पाहिला, अमित मसुरकरांचा, विद्या बालन. भाषा हिंदी अन् शूटिंग मध्य प्रदेशातलं, पण पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ती 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मारली गेली तेव्हा इथल्या पेपरात रोज पानं भरून यायचं. वाघीण चांगली की गाववाले चांगले, असा निवाडा हा सिनेमा देत नाही. गुरं चारायला जंगलात जाणाऱ्या बाईला जायला दुसरी जागाच ठेवली नाही, हे सरळ दाखवतो. विजय राज यांचं काम पाहाच.

महालकर

थोडं सुरांचं बोलू, म्हणजे मन हलकं होईल. काल ‘उंबरठा’ पाहिला. 1982 चा, जब्बार पटेल, स्मिता पाटील. सुरेश भटांची गझल लागली अन् मी सौभाग्यवतींना आतून बोलावलं. दोघं उभ्यानंच ऐकत राहिलो. भटसाहेबांचं नाव रेशीमबागेतल्या सभागृहाला दिलं आहे, तिथून जाताना दर वेळी तोच सूर डोक्यात सुरू होतो. गंमत म्हणजे त्यांच्या शब्दांत वऱ्हाडीचा मागमूस नाही, तरी ते आमचेच. बोली तोंडात असावी लागते तशी ती कधी कधी नुसती पाठीशी उभी असते, असं मला वाटतं. कोणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहा.

इंदोराकर

मला थोडं वेगळं वाटते काका. भटसाहेब मोठेच, त्यात शंका नाही. पण आमच्या पोरांना पाठीशी उभी असलेली नको, तोंडातलीच पाहिजे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात वऱ्हाडी बोलणारा एक तर हवालदार नाही तर घरगडी. विदर्भातल्याच गुणी कलाकारांनी हसवून ही बोली घराघरात नेली, त्यांचे उपकार आहेत. आता त्या बोलीत कोणी डॉक्टर दाखवा, प्रेमात पडलेली पोरगी दाखवा, न्यायाधीश दाखवा. ‘स्थळ’मधली सविता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते अन् आपल्या बोलीतच बोलते, हे मला म्हणून आवडलं.

महालकर

मान्य. पूर्ण मान्य.

बर्डीवाली

सगळ्यांचे प्रतिसाद मी रोज रात्री आईला वाचून दाखवते आहे. कापूसपट्टी भाऊंचं वाचलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, "त्या पोराच्या मायले माहा नमस्कार सांग." म्हणून सांगते.

येत्या रविवारी आम्ही ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहणार आहोत. त्यानंतर ‘नाळ’. कोणी जवळपास असाल तर या, घरी हुरडा आहे.

अन् एक राहिलं. काल संध्याकाळी आई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली अन् म्हणाली, "मोज बरं." मी डोक्यावर पट्टी धरली, पेन्सिलनं रेघ मारली, शिलाईच्या टेपनं मोजलं. चार फूट अकरा भरली. आता वयानं थोडी कमी झाली असेल असं मी म्हटलं, तर म्हणाली, "नाही वो, एवढीच होती मी." मग रेघेवरून एकदा हात फिरवला अन् उरलेल्या शेंगा घेऊन बसली.